अक्रोडाच्या पानांचं पाणी

६ सप्टेंबर, कारा-जंगाक

आलो एकदाचे! मी, तिनार, दोन गाठोडी आणि सासूबाईंनी बळेच कोंबलेली लोण्याची बरणी. नारिनहून ओश, ओशहून मालवाहू जीप. शेवटच्या घाटात ड्रायव्हर हातांनी कमी आणि देवाच्या नावाने जास्त गाडी चालवत होता. तिनार मात्र सगळा घाट ढाराढूर झोपला. माझा लेक शोभतो!

निघताना घरी महाभारत झालंच. बाळंतिणीने चाळीस दिवस भरायच्या आत पोर घेऊन उंबरा ओलांडायचा नसतो, सासूबाई दारात आडव्याच उभ्या. मी म्हटलं, चाळीस दिवस थांबले तर ही नोकरी दुसऱ्या कुणाला देतील, आणि तुमच्या लेकाच्या एकट्याच्या पगारात काय होणार आहे? मेदेत बिचारा नोवोसिबिर्स्कला ट्रक चालवतो, घरी येतो दोन वर्षांतून एकदा. त्यांचा राग तसा जुनाच आहे. तिनार जन्मला तेव्हा रीतीप्रमाणे त्या बोटावर लोणी घेऊन त्याच्या तोंडात घालायला आल्या होत्या, आपल्या तोंडात आधी घोळवून. मी हात आडवा घातला. मी जिवाणूंचा अभ्यास करते, त्या बोटावर आणि त्या तोंडात कोण कोण नांदतं ते मला ठाऊक आहे. तेव्हापासून गाल फुगलेत ते फुगलेत.

पण इथे काय सुख आहे! सगळीकडे अक्रोडाचं जंगल, हवेत कडवट हिरवा वास. संशोधन केंद्राचे साहेब कुबात आका, पन्नाशीचे, पोट पुढे आणि आवाज त्याच्याही पुढे. तिनारला बघून म्हणाले, वा, एका पगारात दोन शास्त्रज्ञ मिळाले. केंद्राला लागूनच दिल्दे आपांचं घर आहे, तिथे माझी खोली. मी कामावर असताना तिनारला आपाच सांभाळणार. घर इतकं स्वच्छ की पाय टेकवायची लाज वाटावी. गोठा शेजारी असून एक माशी नाही.

८ सप्टेंबर

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि जंतू वाढवायची एक उबपेटी. कुबात आकांनी चहाची किटली लावली की वीज कमी पडते आणि उबपेटी गार होते, म्हणून आमचा पहिल्याच दिवशी करार झाला. चहा फक्त मी सांगेन तेव्हा. पोलिसातल्या बाईसारखी आहेस म्हणाले.

काम माझ्या आवडीचं. जखमेत होणारे काही जंतू आता गोळ्यांना अजिबात दाद देत नाहीत. त्यांच्यावर इथल्या झाडपाल्याचा काही उपाय चालतो का, ते बघायचं. पानं वाळवून कुटायची, पाण्यात किंवा मद्यार्कात भिजवून अर्क काढायचा, शर्टाच्या बटणाएवढ्या कागदी चकत्या त्यात बुडवायच्या. काचेच्या ताटलीत खळीसारखा थर असतो, त्यावर जंतू पेरायचे आणि मधोमध चकती ठेवायची. दुसऱ्या दिवशी ताटलीभर जंतूंचं गवत उगवलेलं असतं. पानात दम असेल तर चकतीभोवती टक्कल पडतं. जितकं मोठं टक्कल तितकं गुणी पान. दवणा, रानपुदिना, अक्रोड, सगळ्यांची पोती आली आहेत.

१२ सप्टेंबर

आपांच्या घरात ऐरान नाही! किर्गीझ घर आणि दह्याचा थेंब नाही, हे ऐकूनच मला हसू फुटलं. त्यांना सोसत नाही म्हणे. मी आईकडचं विरजण आणलं होतं, ते लावलं. सकाळी दूध दूधच. पुन्हा लावलं, शालीत गुंडाळून लावलं. काही नाही. खिडकीत ठेवलेलं दूध आठवडा होत आला तरी गोड आहे. डोंगरातली थंडी, दुसरं काय. आपा भाकरीही बिनआंबवलेलीच भाजतात.

घरात आणखी एक जीव आहे. आपांची नात, तुर्सुनाय, पाच-सहा महिन्यांची. तिची आई मॉस्कोला गोदामात कामाला आहे. निम्म्या गावाची पोरं अशी आज्यांच्याच पदरात आहेत. नाव मात्र जुन्या काळचं. ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथे पूर्वी असलं नाव ठेवायचे, मूल राहावं म्हणून. पाळण्यावर सात कापडं, आत पोर गप्प. रडत नाही, कुरकुरत नाही. मी म्हटलं आपा, हे शहाणपण थोडं तिनारला उसनं द्या. आपा म्हणाल्या, देईन की बालाम, माझ्या लेकरा, मागायचा अवकाश.

तिनारच्या मानेवर पुरळ उठलं आहे. ओलं, पिवळ्या तोंडाचं. मलम लावते आहे. वाढतंच आहे.

१९ सप्टेंबर

आज तिनारचे चाळीस दिवस भरले. इथे माझं ना माहेर ना सासर, म्हटलं राहू दे, पण आपा ऐकतात कसल्या! शेजारच्या बाया गोळा केल्या, परात मांडली, आणि रीतीप्रमाणे चाळीस चमचे पाण्याची आंघोळ. एकेक बाई चमचा ओतते आणि एकेक आशीर्वाद देते. एकीने म्हटलं, घोड्यावर बसशील, दुसरी म्हणाली, बसशील पण पडू नको. हशा. मी रडलेसुद्धा थोडी. मेदेत असायला हवा होता.

पाणी साधं नव्हतं, हिरवट तपकिरी होतं. विचारलं तर अंगणातल्या अक्रोडाची पानं उकळलेली. मला उलट बरंच वाटलं. अक्रोडाच्या पानाने जंतू मरतात हे तर आम्ही शिकलेलो. नंतर तिनारचं पहिलं झबलं खाऊ बांधून कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं, कुत्रा पळाला, मागे गावची पोरं. केंद्राचाच कुत्रा, अक्तोश. त्याला तिनार इतका आवडतो की सारखे पाय चाटतो.

२१ सप्टेंबर

पुरळ गेलं! डागसुद्धा नाही. मलमवाल्याच्या नावाने चांगभलं. आता आपा रोज दुपारी त्याच पाण्याने आंघोळ घालणार आहेत. मीच सांगितलं तसं.

२४ सप्टेंबर

 त्या अंगणातल्या झाडाची चार पानं मी गंमत म्हणून आणली होती. साधा पाण्यातला अर्क. आज ताटली उघडली तर टक्कल नाही, कारण गवतच नाही! ताटलीभर एक ठिपका नाही. शंभर पट पातळ केलं, तरी तेच. हजार पट, तरी तेच. जंगलातल्या दुसऱ्या अक्रोडांची पानं मात्र बेताचीच, बोटाच्या पेराएवढं टक्कल.

कुबात आका खोलीत नाचले. म्हणाले, सलकिन, तुझ्या नावाने गावात रस्ता होईल, आहे तोच एक रस्ता पण तुझ्या नावाने. मी त्यांना मनाने किटली लावू दिली.

१ ऑक्टोबर

सगळं गाव अक्रोड झोडपायला जंगलात गेलं. मेंढी कापली, रस्सा झाला, पोरं झाडांवर माकडांसारखी. आपा गेल्या नाहीत. मीही लवकर परतले आणि त्यांच्या झाडाखाली जरा उभी राहिले. अक्रोडाखाली बसू नये असं सगळेच म्हणतात, मी म्हटलं उभं राहायला काय हरकत?

झाडाखाली पानांचा ढीग माझ्या गुडघ्यापर्यंत. काठीने खोदलं. खाली पुन्हा पानंच, आणखी खाली पानंच, सगळी कोरडी, कुरकुरीत. बुरशी नाही, गांडूळ नाही, मातीचा वास नाही. जंगलात बाकीच्या झाडांखाली दोन बोटं उकरलं की काळा ओला चिखल लागतो. इथे किती वर्षांची पानं आहेत? यंदाचं कुठलं आणि आजीच्या वेळचं कुठलं, मला सांगता आलं नसतं. आपा खिडकीतून बघत होत्या. मी हात हलवला तेव्हा त्यांनीही हलवला.

६ ऑक्टोबर

नुसत्या जंतूंची, अर्काशिवायची ताटलीही कोरी आली. तुलनेसाठी ठेवतो ती. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. सगळं धुतलं, नवी खळ केली, पुन्हा पेरलं. कोरी.

मग शिकाऊ पोरींना दाखवतो तो खेळ केला. ताटलीत नुसता अंगठा दाबायचा, दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या आकाराची बाग उगवते. कुबात आकांचा अंगठा: जंगल. आम्ही खूप हसलो, मी म्हटलं आका, साबण नावाची वस्तू ऐकली आहे का? माझा अंगठा: काहीच नाही. मला हसू येईना.

१० ऑक्टोबर

हातावर क्रीम लावून देते या बहाण्याने आपांच्या तळव्याला कापूस फिरवला. कोरी ताटली.

तिनारच्या मुठीचा कापूस. कोरी.

तिनारच्या तोंडातला कापूस. कोरी.

माणसाच्या अंगावर, तोंडात, पोटात जंतू असतातच. सगळे वाईट नसतात. दूध पचवतात ते, दुसऱ्या जंतूंना जागा देत नाहीत ते. जन्मलेल्या बाळाच्या तोंडात काहीच नाही, असं होत नाही. होऊच शकत नाही. आपा त्याला फक्त आंघोळच घालतात ना? की पाजतातही?

कुणाला सांगितलं नाही. आधी नीट बघू दे.

१४ ऑक्टोबर

तिनारला वास येत नाही. मानेच्या वळीत, हनुवटीखाली बाळांना आंबूस दुधाचा वास असतो. नाक खुपसून हुंगलं. धुतलेल्या बशीचा वास येतो तेवढाच. लंगोटातही जे दूध पाजते तेच बाहेर येतं, पांढरं, बिनवासाचं.

अक्तोश दारात आला. पूर्वी सरळ त्याचे पाय चाटायला यायचा. आज माझ्या मांडीवर तिनार असताना त्याने माझा हात हुंगला, तिनारच्या दुपट्यावरून नाक फिरवलं आणि पुढे गेला. तिथे कुणी नसल्यासारखा.

रडतही नाही अलीकडे. मला आधी वाटलं, शहाणा झाला.

१७ ऑक्टोबर

केंद्रात अक्रोड तोलायचा काटा आहे त्यावर ठेवला. चाळीस दिवस भरले तेव्हाही गंमत म्हणून तोलला होता. वजन तेच. बाळंतपणानंतरची बायका-पोरं मी कमी बघितली नाहीत, या वयात पोर दर आठवड्याला फुगतं. झबलीही होतात ती सगळी. एकही आखूड झालेलं नाही.

आपांना म्हटलं, वाढत नाही हो. त्यांनी त्याचा गाल कुरवाळला. म्हणाल्या, तस्संच राहिलंय की गं पोर, दृष्ट नको लागायला. कौतुकाने म्हणाल्या. 

२० ऑक्टोबर

सकाळीच स्पष्ट सांगितलं, आजपासून पानांचं पाणी बंद. आपांनी छातीवर हात ठेवला, तू आई, तू म्हणशील तसं. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी भरदुपारी काहीतरी विसरल्याचं नाटक करून घरी आले. तिनार कोरडा, नीट गुंडाळलेला. पण कानाच्या मागच्या घडीत हिरवट तपकिरी रेघ. आणि ओठाच्या कोपऱ्यात.

म्हणजे पाजतातही.

उद्यापासून पाठीवर बांधून प्रयोगशाळेत नेणार. म्हातारी माझ्याशी खोटं बोलते आणि डोळ्यांत डोळे घालून बोलते.

२३ ऑक्टोबर

आपा ओढ्यावर गेल्या होत्या. घरात मी, तिनार आणि तो पाळणा.

दुसऱ्याच्या पाळण्यावरचं कापड आपल्यात कुणी उचलत नाही. मीही दीड महिना उचललं नव्हतं. आधी खाली वाकून बघितलं. पाळण्याच्या भोकाखाली मुताचं भांडं असतं ना, ते. आत धूळ. मूत त्या भांड्यात उतरवणारी लाकडी नळी कोरडी ठाक, पांढरी पडलेली.

मग एकेक कापड काढलं.

ती जागी होती. गोरी, गोल, सुंदर पोर. डोळे माझ्याकडे वळले. दात नाहीत. मी टाळूवर हात ठेवला. मऊ. अजून भरलेली नाही. खाली ठोका लागला, एक. मग मी वाट बघत राहिले, आणि खूप वेळाने दुसरा.

कापडं होती तशी घातली की नाही, आठवत नाही.

२४ ऑक्टोबर

कुबात आकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, आपांची मॉस्कोवाली मुलगी कधी येते? ते हसले. कसली मुलगी? आपांची पाच पोरं तापाने गेली, एकामागून एक, घाट बंद असताना. सहावी तेवढी राहिली, तिच्या पाळण्याच्या जेवणाला आका स्वतः होते. दुसरीत होते तेव्हा. तळलेले बोरसोक इतके खाल्ले की रात्रभर पोट धरून लोळले.

मी विचारलं, नाव काय तिचं?

 तुर्सुनाय, म्हणाले.

मग कुठे गेली ती? त्यांनी पेला खाली ठेवला. चेहरा उतरला. म्हणाले, त्या घरात आधी पाच गेलेली, कोण विचारणार? कुणी विचारलंच नाही. पाळण्यावर कापड दिसलं की आपण म्हणतो, असेल कुणाचं तरी.

आका पन्नाशीचे आहेत. दुसरीत होते तेव्हा.

२६ ऑक्टोबर

केंद्रातल्या मागच्या खोलीत राहायला आले. गुरुवारी अक्रोड भरायला ट्रक येईल, त्यातून ओश.

गाठोडं उचलायला आपाच आल्या. नको म्हटलं तरी. मी शेवटी ओरडलेच, काय केलंत तुम्ही त्या पोरीचं? माझ्या पोराचं? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बालाम, पाच पुरली मी. पाचवीच्या वेळी तर माती इतकी गोठलेली, दोन दिवस खड्डा होईना. ही तापली तेव्हा मी फक्त म्हटलं, हिने राहावं. राहिली. वाढावी असं मी कुठे म्हटलं होतं?

मग तिनारकडे बघितलं आणि गेल्या.

२९ ऑक्टोबर

बर्फ. ऑक्टोबरात! ट्रक घाटाखालूनच परत गेला. आका म्हणतात वितळेल. वर आणखी ढग आहेत.

तिनार गप्प. दूध ओढतो, गिळतो, गप्प.

१ नोव्हेंबर

रात्रंदिवस एकच विचार. याला जंतू हवेत. मी आयुष्यभर ज्यांना मारायला शिकले, ते. कुठून आणू?

आणि मला सासूबाईंचं बोट आठवलं.

कुबात आकांची आई, बातमा आपा. नव्वदीच्या, बोळक्या तोंडाच्या, मेंढ्यांच्या उबेला निजतात. पदर पसरून म्हटलं, माझ्या लेकाच्या तोंडात लोणी घाला, तुमच्या तोंडातून काढून घाला. हसून हसून त्यांना खोकला आला. शहरात शिकून आलीस आणि म्हातारीची थुंकी मागतेस? म्हटलं, हो, मागते. त्यांनी लोणी घोळवलं, चांगलं वेळ घेऊन, आणि त्याच्या जिभेवर ठेवलं. थू-थू करून कपाळावर थुंकल्याही. मी त्याचे हात मेंढीच्या लोकरीत घासले. चाटू दिले.

३ नोव्हेंबर

ठिपका! तिनारच्या तोंडातल्या कापसाच्या ताटलीत एक ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा, मळकट पिवळा. मी झाकणाचा मुका घेतला.

संध्याकाळपर्यंत चार झाले.

५ नोव्हेंबर

रडतोय! असा रडतोय की आका धावत आले, पोराला मारलंस का म्हणून. लंगोटाला असा घाण वास आला की मी तो नाकाला लावून रडले. अक्तोशने तळवा चाटला. माझं पोर परत आलं. माझं बाळ. आज मला काही नको.

७ नोव्हेंबर

अंग गरम लागतंय. मानेवर पुरळ, पहिल्यापेक्षा मोठं. पिवळं.

बर्फ उतरलेला नाही.

८ नोव्हेंबर

ताप चढतोच आहे. ताटलीत आता सोनेरी ठिपके, ताटलीभर. हे मी ओळखते. जखमेतले. मोकळं अंगण मिळालं त्यांना, अडवायला आत कुणीच नाही —

केंद्राच्या पेटीत तीन औषधं होती. तिन्हीच्या चकत्या करून त्याच जंतूंवर ठेवल्या. आणि चौथी, पानाची. का ठेवली? ठेवली.

९ नोव्हेंबर

तिन्ही औषधांच्या चकत्यांना चिकटून गवत. एकाभोवतीही टक्कल नाही.

चौथी ताटली कोरी.

आका घोड्यावरून डॉक्टरला आणायला गेले, पहाटेच. तिनारला दूध ओढवत नाही. हुंकारतो फक्त. पुरळ फुटलं, वास येतोय, हा वास मला नको, हा नको —

१० नोव्हेंबर

आका नाहीत. घोडाही नाही. परत वर सगळं पांढरं.

दारासमोर दिल्दे आपा बसल्यात. बर्फात, घोंगडी अंथरून. मांडीत लोकरीच्या नमद्यात गुंडाळलेलं भांडं. मी ओरडले, जा. चालत्या व्हा.  त्या गेल्या नाहीत.

दार वाजवत नाहीत. एकदाही नाही.

दुपार

ओल्या फडक्याने पुसते आहे. फडकं लगेच गरम होतं. डोळे उघडत नाही. मी हाक मारते, तिनार, तिनार —

एक आंघोळ आणि ताप उतरेल. मला माहीत आहे. ताटलीत बघितलंय मी. आणि मग त्याला दात येणार नाही. तो आई म्हणणार नाही. मी म्हातारी होईन, मेदेत म्हातारा होईल, आणि पाळण्यावर सात कापडं —

नाहीतर आजचा दिवस. आजचाच.

नाही. नाही करणार. आका येतील. खुरांचा आवाज —

नव्हता.

११ नोव्हेंबर

श्वास मोजू नये. मोजते आहे. मध्ये मध्ये थांबतो, आणि मीही थांबते, आणि मग —

आपा तिथेच. केसांवर बर्फ.

ओठ निळे. माझ्या बाळाचे ओठ —

कडी काढलेली नाही. दाराला तोंड लावून फक्त विचारलं, आपा, पाणी गार तर नाही ना झालं? त्या म्हणाल्या, नाही बालाम, अजून कोमट आहे.